गाडीतले प्लास्टिक तुटले, तर?

ईदच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे मोठ्या आपाकडे सांगलीला निघालो होतो. अम्मी नेहमीप्रमाणे मागे डाव्या बाजूला बसली, तिने दार ओढून घेतले आणि दाराचे आतले हँडल तिच्या हातातच आले. दार अर्धवट लागलेले, हँडल मांडीवर, आणि चेहरा असा की जणू शेजारणीची काचेची बरणी फोडली. "मी जोरात नाही ओढलं रे," असे ती सांगलीपर्यंत तीन वेळा म्हणाली.

खरेच, चूक तिची नव्हती. आमची गाडी बारा वर्षांची. मिरजेत घरासमोर सावली नाही, त्यामुळे बाराही उन्हाळे तिने उघड्यावर काढले. उन्हातल्या अतिनील किरणांनी आणि रोजच्या तापण्या-निवण्याने प्लास्टिक हळूहळू ठिसूळ होते. वरून ते धडधाकट दिसते, पण जिथे सगळा जोर एका बोटभर जागेवर येतो तिथून ते सुटते. दाराच्या पॅडमागे हँडलचे स्क्रू घट्ट धरणाऱ्या प्लास्टिकच्या पोकळ खुंट्या असतात. आमच्या तीनपैकी दोन मुळापासून तुटल्या होत्या.

सुटी खुंटी कोणी विकत नाही. पूर्ण पॅड घ्यावे लागते. चौकशी केली तेव्हा सांगितलेल्या किमतीत अम्मीच्या गुडघ्यांची दोन महिन्यांची औषधे आली असती. मग मी तेच केले जे आपण सगळे करतो. कोपऱ्यावरच्या दुकानातून झटपट चिकटणाऱ्या गोंदाची छोटी नळी आणली. पहिली दुरुस्ती तीन दिवस टिकली, दुसरी एक दिवस. तिसऱ्या वेळी दोन घटकांचा इपॉक्सी गोंद आणून चांगला जाड थर दिला. तो वाळून दगडासारखा झाला आणि एका संध्याकाळी त्या खुंटीवरून सालीसारखा अख्खा निघून आला. आतली जागा गुळगुळीत, जणू तिला काही लागलेच नव्हते.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका चाचांचे गॅरेज आहे. त्यांनी ते पॅड उलटे केले, बाहीने धूळ पुसली आणि कोपऱ्यात साच्यातूनच उठलेली बारीक इंग्रजी अक्षरे दाखवली. "आधी हे वाचायचं असतं. माणसाचं दुखणं न विचारता औषध देतोस होय?"

दोन टोकदार कंसांमध्ये तिथे पीपी-टीडी२० असे होते. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन आणि टीडी२० म्हणजे त्यात वीस टक्के टाल्क, म्हणजे शंखजिऱ्याची पूड. गाडीतल्या बहुतेक भागांवर मागच्या बाजूला अशी खूण सापडते. एबीएस असेल तर मार्ग वेगळा, पीपी असेल तर वेगळा. सगळी गंमत इथेच आहे, आणि माझे पैसेही इथेच वाया गेले होते.

पॉलिप्रॉपिलीनचा पृष्ठभाग मेणासारखा असतो. गोंद त्यावर पसरतच नाही, आत शिरणे तर दूरच. म्हणूनच आपल्या स्वयंपाकघरातल्या त्रिकोणात ५ आकडा असलेल्या डब्यांना खरकटे फारसे चिकटून बसत नाही. तेही हेच प्लास्टिक. इटलीत ज्युलिओ नाट्टा यांनी १९५४ साली ते घडवले आणि १९६३ साली कार्ल झीग्लर यांच्यासह रसायनशास्त्राचे नोबेल मिळवले. स्वस्त, हलके आणि वाकवले तरी लवकर न मोडणारे, म्हणून गाड्या बनवणाऱ्यांना ते प्रिय. चिकटवणाऱ्याला मात्र नाही. त्यावर आधी लावायचे खास प्रायमर मिळतात, पण जिथे हाताने रोज ओढायचे आहे तिथे माझा त्यांच्यावर भरवसा नाही.

पीपी जोडायचे ते वितळवून. त्यासाठी रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे असते तसे पंचवीस वॉटचे सोल्डरिंगचे यंत्र पुरते. त्याचे टोक नंतर सोल्डरिंगच्या कामाचे राहत नाही, तेव्हा जुनेच घ्यावे.

पण आधी पॅड काढायचे, आणि निम्मे नुकसान तिथेच होते. हँडलच्या खोबणीत आणि छोट्या टोप्यांमागे स्क्रू लपलेले असतात, ते सगळे काढल्याशिवाय ओढायचे नाही. मग कडेने क्लिपा सुटतात. लोखंडी स्क्रूड्रायव्हरऐवजी लाकडी कालथा घ्या (अम्मीला विचारून, मी विचारले नव्हते) आणि जोर क्लिपेच्या अगदी जवळ द्या. थंडीच्या सकाळी हे काम करू नये. गार प्लास्टिक तडकते. काचेच्या बटणांची वायर मागे जोडलेली असते, ती आधी सोडवायची. दोन-चार क्लिपा तुटणारच. त्या स्पेअरच्या दुकानात सुट्या मिळतात, फक्त जुनी नमुन्याला न्यायची.

खुंटी नेमक्या जागी बसावी म्हणून चाचांनी सोपी युक्ती केली. हँडल समोरून जागेवर धरले आणि स्क्रू खुंट्यांमधून त्यातच फिरवला. आता खुंटी इकडेतिकडे हलणार नाही. मग बुडाशी चार ठिकाणी गरम टोक टेकवून टाके घातले. त्यानंतर स्टेपलरच्या पिना सरळ करून तडीच्या आडव्या ठेवल्या आणि गरम टोकाने प्लास्टिकमध्ये बुडवल्या. सिमेंटमध्ये सळई असते तशी. वरून भर घालायला त्याच जातीचे प्लास्टिक लागते. आम्ही ५ आकड्याच्या एका फुटक्या डब्याच्या झाकणाच्या पट्ट्या कापल्या आणि त्या वितळवून चारही बाजूंनी बसवल्या. इंटरनेटवर बरेच जण इथे केबल बांधायच्या नायलॉनच्या पट्ट्या वापरताना दिसतात. नायलॉन पीपीशी एकजीव होत नाही, थंड झाले की वेगळे निघते.

गरम टोक पॅडच्या जाडीच्या निम्म्याहून खोल नेऊ नका, नाहीतर समोरच्या बाजूला खळगा दिसतो. आमच्याही पॅडवर एक आहे. प्लास्टिक मेणासारखे वाहायला हवे. धूर निघू लागला तर ते जळते आहे, यंत्र काढून थोडे निवू द्या. हे काम गच्चीवर किंवा अंगणात करायचे, मुलांना लांब ठेवून. स्क्रू परत बसवताना खाली वॉशर घालावा आणि घट्ट झाला की थांबावे. अर्धा फेरा जास्त दिला की खुंटी पुन्हा चिरते.

एबीएस असेल तर काम सोपे. गिअरच्या भोवतीचा कन्सोल, एसीच्या जाळ्यांची चौकट, असे कडक भाग बहुधा एबीएसचे किंवा एबीएस-पॉलिकार्बोनेट मिश्रणाचे असतात. तिथे झटपट गोंद छान धरतो. तुटलेला कान किंवा कोपरा उभा करायचा असेल तर गोंदावर खायचा सोडा भुरभुरावा. सोड्यामुळे गोंद क्षणात कडक होतो आणि कानशीने घासता येईल असा भराव तयार होतो. एकदम जाड थर नको, पातळ थरावर थर द्यावेत. त्यातून उष्णता आणि डोळ्यांना झोंबणारी वाफ निघते, म्हणून तोंड बाजूला. सांडलेला गोंद कापसाने कधीच पुसू नका. कापसाशी तो इतका तापतो की बोट भाजते. भाग गाडीतून काढूनच चिकटवा, नाहीतर वाफेचा पांढरा पापुद्रा आसपासच्या काळ्या प्लास्टिकवर बसतो. या गोंदाची जन्मकथाही मजेशीर आहे. १९४२ साली अमेरिकेत हॅरी कूवर आणि त्यांचे सहकारी बंदुकीच्या दुर्बिणीसाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत असताना तो हाती लागला आणि सगळ्याला चिकटतो म्हणून बाजूला ठेवला गेला!

खूण सापडली नाही तर मागच्या न दिसणाऱ्या जागी ॲसिटोनचा एक थेंब लावून पाहा. एबीएस मऊ, चिकट होते. पीपीला काही होत नाही. ॲसिटोन झटकन पेट घेते, तेव्हा आसपास आग किंवा तापलेले यंत्र नको. तुकडा पाण्यात टाकून तरंगतो का बघायची युक्ती बरेच जण सांगतात. साधे पीपी तरंगते, पण टाल्क घातलेले बुडू शकते, म्हणून तिच्यावर विसंबू नका.

आता ज्यासाठी मी हा लेख खरे तर लिहायला घेतला, ते. आमची दुरुस्ती पाहून माझ्या भाच्याला उत्साह आला. त्याच्या नव्या गाडीत समोरच्या काचेशेजारच्या खांबाचे आवरण खडखडत होते, आतली क्लिप तुटली होती. तो इपॉक्सी घेऊनच आला. चाचांनी आवरणावरचे इंग्रजी शब्द त्याला मोठ्याने वाचायला लावले. एअरबॅग. गाडीला बाजूने धडक बसली की पडद्यासारखी एअरबॅग छताच्या कडेतून खाली उलगडते. तिला वाट द्यायला हे आवरण ठरलेल्या पद्धतीने सरकावे लागते आणि तरी ते उडून जाऊ नये म्हणून तिथली क्लिप खास बनवलेली असते. गोंदाने ते पक्के केले तर एअरबॅग अडेल किंवा आवरणाचे तुकडे थेट तोंडावर येतील. तिथे कंपनीचीच नवी क्लिप, तीही जाणकाराच्या हातून. भाचा नळी खिशात घालून गप्प बसला.

आपल्याकडे चालकासमोरची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली आणि शेजारच्या प्रवाशासाठीची २०२१ मध्ये. म्हणजे आता साध्या गाडीतही हा प्रश्न आहे. स्टिअरिंगचा मधला भाग, प्रवाशासमोरच्या डॅशबोर्डचे झाकण, एअरबॅगची खूण असलेले खांब आणि सीटची बाजू, सीटबेल्टचा कुठलाही भाग, यांना घरगुती दुरुस्ती नाही. डॅशबोर्डच्या त्याच झाकणावर आपण हौसेने अत्तराची बाटली चिकटवतो, आयतुल कुर्सीची छोटी फ्रेम लावतो. त्यांना दुसरी जागा शोधावी. झाकण उघडते तेव्हा त्यावरची वस्तू समोरच्याच्या चेहऱ्याकडे फेकली जाते.

अम्मीच्या बाजूचे हँडल बसवून आता आठ महिने झाले. मी स्वतः दोन्ही हातांनी ओढून पाहिले, हलत नाही. अम्मी मात्र अजूनही त्याला हात लावत नाही. दोन बोटांनी दाराची कड धरते, हळूच ओढते आणि माझ्याकडे बघून विचारते, "लागलं का रे नीट?"