धूर कमी, कमाई जास्त

30 सप्टेंबर 2024 रोजी नॉटिंगहॅमजवळचं रॅटक्लिफ-ऑन-सोर हे वीजकेंद्र बंद झालं आणि ब्रिटनमध्ये कोळशावर वीज बनवणं संपलं. 1882 साली लंडनच्या हॉलबर्न व्हायाडक्टवर एडिसनच्या केंद्रात ते सुरू झालं होतं. म्हणजे 142 वर्षांचा संसार. पण खरं थक्क व्हायला होतं ते त्याच्या शेवटामुळे. 2012 सालीसुद्धा तिथली जवळपास चाळीस टक्के वीज कोळशाचीच होती. बारा वर्षांत चाळीसवरून शून्य!

आणि हा देश तरी कोणता? कोळशावर श्रीमंत कसं व्हायचं हे ज्याने जगाला दाखवलं, तोच. कोळसा महागला की ब्रिटनची भरभराटही ओसरेल, असं अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्सने 1865 मध्ये बजावलं होतं. त्याचं एक निरीक्षण आजही चक्रावून टाकतं. वाफेचं इंजिन जसजसं कमी कोळशात चालू लागलं, तसतसा कोळशाचा एकूण खप वाढतच गेला. इंजिन स्वस्त पडू लागलं, म्हणून ते जिथेतिथे बसलं. काटकसरीने खर्च वाढतो, हे कुठल्याही आजीला पटायचं नाही.

मग वाढीची आणि धुराची गाठ सुटते तरी कशी? जपानचे ऊर्जातज्ज्ञ योइची काया यांनी ती एका गुणाकारात मांडली. लोकसंख्या, दरडोई उत्पन्न, एका रुपयाच्या उत्पन्नामागे लागणारी ऊर्जा आणि त्या ऊर्जेच्या प्रत्येक युनिटमागे निघणारा कार्बन. या चौघांना गुणलं की देशाचा एकूण कार्बन मिळतो. उत्पन्न घटावं, असं कुठलंही सरकार म्हणणार नाही. तिसरा आकडा हळूहळू उतरतो, पण तिथे जेव्हन्स टपून बसलेला असतो. चौथा मात्र थेट शून्याकडे नेता येतो. आणि गुणाकारात एक शून्य आलं, की बाकीचे खुशाल फुगोत!

1990 ते 2022 या काळात ब्रिटनची अर्थव्यवस्था सुमारे 80 टक्क्यांनी वाढली आणि देशाच्या हद्दीतलं उत्सर्जन निम्म्यावर आलं. याचं सगळं श्रेय वाऱ्यावर बनणाऱ्या विजेला देऊ नये. आधी कोळशाच्या जागी नैसर्गिक वायू आला, काही अवजड कारखाने बंद पडले, 2013 पासून वीजकेंद्रांच्या कार्बनवर जादा कर बसला. पण वाऱ्याची करामत बघण्यासारखी आहे. पवनचक्कीच्या पात्याची लांबी दुप्पट केली की चौपट वारा कवेत येतो आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती आठपट होते. म्हणून तर ब्रिटिश लोक वादळी उत्तर समुद्रात शिरले. तिथे डॉगर बँकवर बसवल्या जाणाऱ्या पवनचक्क्यांचं एकेक पातं 107 मीटर लांब आहे. पूर्ण जोरात असताना एका फेरीत पंचवीस-तीस युनिट वीज निघते. आपल्याकडचं छोटं घर त्यावर आठवडाभर सहज चालेल. ज्या उथळ तळावर त्या उभ्या राहतात, तिथे हिमयुगात कोरडी जमीन होती. बर्फ वितळून समुद्र चढला आणि ती बुडाली. तापलेल्या हवामानाने बुडवलेल्या जमिनीवरच आता हवामान आवरायची यंत्रं रोवली जात आहेत. 2024 मध्ये ब्रिटनची निम्म्याहून थोडी जास्त वीज नवीकरणीय स्रोतांतून आली.

इथवर हिशेब छान जमतो. पण रॅटक्लिफ बंद झालं, नेमक्या त्याच दिवशी वेल्समध्ये पोर्ट टॅलबटला टाटा स्टीलची शेवटची झोतभट्टीही थांबली. ब्रिटनला पोलाद तर लागणारच. ते दुसऱ्या देशात बनून आलं, तर त्याचा धूर त्या देशाच्या वहीत लिहिला जातो आणि ब्रिटनची वही आपोआप स्वच्छ दिसते. आयात मालाचा धूर धरून हिशेब केला तरी ब्रिटनचं उत्सर्जन घटलेलंच आहे, पण हद्दीतला आकडा सांगतो तितकं नाही. पोर्ट टॅलबटला झोतभट्टीच्या जागी आता भंगार वितळवणारी विजेची भट्टी येते आहे. झोतभट्टीला कोळसाच लागतो. ही भट्टी मात्र तारेतून जी वीज येईल ती घेते. त्यामुळे पोलादाच्या एका टनामागे किती धूर, हे आता बरंचसं उत्तर समुद्रातल्या वाऱ्यावर ठरेल.