न्हाणीघरातील छताचा दिवा
निफाड तालुक्यातील हिवाळी पहाटेची थंडी कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील नोंदींमुळे राज्यभर परिचित आहे. अशा दिवसांत कढत पाण्याची वाफ न्हाणीघराच्या छताशी साचते व दिव्याच्या होल्डरमध्ये शिरते. ओल्या त्वचेचा विद्युत्-रोध घटत असल्याने २३० व्होल्टचा धक्का तेथे प्राणघातक ठरू शकतो. म्हणून दिव्याची जागा छताच्या गिलाव्यापूर्वीच निश्चित करणे हिताचे होय.

दिवा स्नानाच्या जागेवर थेट न घेता बाजूला, हात पोहोचणार नाही अशा उंचीवर असावा. मात्र तो आरशासमोर उभे राहणाऱ्याच्या पाठीमागे आल्यास चेहऱ्यावर सावली पडते. लहान न्हाणीघरास ९ वॅटचा एलईडी दिवा पुरतो. त्याचा प्रकाश जुन्या ६० वॅटच्या बल्बइतका असतो. शिंतोड्यांपासून संरक्षणासाठी आवरण किमान ‘आयपी ४४’ दर्जाचे घ्यावे. बटण बाहेरच्या भिंतीवर बसवावे. अर्थिंगसोबत ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी असल्यास गळती होताच प्रवाह खंडित होतो. वाफ निघून जाण्यास झरोका ठेवावा.

हे काम परवानाधारक तारतंत्रीकडूनच करवून घ्यावे. घरकुलांची कामे सुरू असताना ग्रामपंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी ही माहिती घरोघरी पोहोचविल्यास अनेक संभाव्य अपघात टळतील.