तालुक्याच्या दप्तरात आपल्या बापजाद्यांचे नाव

नेवासा हे फार जुने गाव. ज्ञानेश्वरी इथे सांगितली गेली आणि सच्चिदानंद बाबांनी ती उतरवून घेतली, असे सारा महाराष्ट्र मानतो. १९५४ ते १९५६ या काळात डॉ. ह. धी. सांकळिया यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे इथे प्रवरेच्या काठी उत्खनन केले. अश्मयुगातल्या माणसाची हत्यारेसुद्धा मातीतून वर आली. पण याच तालुक्यातल्या कोणत्याही वस्तीत जाऊन विचारा, ‘बाबा, तुमच्या आजोबांच्या जमिनीचा कागद कुठे आहे?’ उत्तर येते, ‘असेल कुठेतरी. आम्हाला कोण दाखवतो?’

वाचकहो, तो कागद बहुधा आहे. तहसीलच्या अभिलेख कक्षात फडक्यात बांधलेला आहे. तो बघण्याचा आणि त्याची नक्कल घेण्याचा आपल्याला हक्क आहे. अडचण एवढीच की त्या कागदाचे नाव आपल्याला ठाऊक नसते. ‘आमचे जुने रेकॉर्ड द्या’ असे म्हटले की कारकून म्हणतो, ‘पुढच्या आठवड्यात या.’ ‘अमुक गावचा, अमुक सालचा, अमुक नंबरचा नमुना द्या’ असे लेखी मागितले की त्याला शोधावेच लागते.

दप्तराचे ओझे वाहिले, दप्तर वाचले नाही

गावगाड्यात सरकारी वसूल तालुक्याला पोचवायचा तो महाराने. शिवेचा तंटा झाला तर साक्ष द्यायची ती महाराने. गावात कोण जन्मले, कोण मेले याची खबर पोचवण्याचे कामही त्याच्याकडेच. म्हणजे गावाची निम्मी माहिती आपल्याच माणसाच्या तोंडून दप्तरात गेली. पण त्यात काय लिहिले हे त्याला कधी वाचता आले नाही. या राबणुकीच्या बदल्यात हाडकी-हाडोळ्याची जमीन मिळाली. तीच वतनाची बेडी झाली.

ही बेडी तोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात वतन दुरुस्तीचे विधेयक मांडले. आपल्याच जिल्ह्यात, हरेगाव येथे, १६ डिसेंबर १९३९ रोजी वतनदारांची परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली झाली. शेवटी मुंबई कनिष्ठ गाव वतने नाहीशी करण्याचा १९५८ चा कायदा आला आणि १ ऑगस्ट १९५९ पासून वतने संपली. राबणूक संपली. जमीन मात्र आपोआप आपली झाली नाही. आकाराच्या तिप्पट रक्कम भरून ती पुन्हा आपल्या नावे करून घ्यायची होती. ज्यांना हे कळले त्यांनी रक्कम भरली. ज्यांना कळले नाही त्यांची जमीन कागदावर सरकारची राहिली, कसणारा मात्र तोच. पुढे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी न घेताच किती जमिनी हातोहात गेल्या! २०२५ साली पुण्याजवळच्या मुंढव्यातील महार वतनाच्या जमिनीचा व्यवहार राज्यभर गाजला. तिथेही सगळा वाद कागदांभोवतीच फिरला.

कोणत्या कामाला कोणता कागद

पहिली गोष्ट वतनाच्या जमिनीची. आजचा सातबारा घ्या. ऑनलाइन मिळणारा डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांना मिळतो आणि तो सरकारी कामाला चालतो. त्यावर फेरफाराचे नंबर असतात. त्या एकेका नंबराचा फेरफार, म्हणजे गाव नमुना सहाचा उतारा, काढत मागे जा. जमीन कोणाकडून कोणाकडे आणि कशाच्या आधारे गेली ते त्यात लिहिलेले असते. वतनाच्या काळातली नोंद गाव नमुना तीनमध्ये, म्हणजे दुमाला जमिनींच्या वहीत बघा. महार वतनाला तिथे ‘वर्ग सहा-ब’ म्हणतात. वर्ग दोनच्या जमिनींची यादी गाव नमुना एक-क मध्ये असते. आजोबांना सर्व्हे नंबर आठवतो आणि आज गट नंबर चालतो, अशी गफलत नेहमी होते. त्यासाठी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात एकत्रीकरणाचा ‘नऊ तीन, नऊ चार’चा उतारा मागा. कोणता सर्व्हे नंबर कोणत्या गटात गेला ते त्यावरून कळते. जमीन विकली गेली असे कोणी म्हणत असेल, तर दुय्यम निबंधक कार्यालयात ‘सूची दोन’ पाहा.

दुसरी गोष्ट मुलामुलींच्या जातीच्या दाखल्याची. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख लक्षात ठेवा. त्यापूर्वीचा पुरावा मागतात. धम्मदीक्षा १९५६ ची आणि बौद्धांचा अनुसूचित जातींच्या राष्ट्रीय यादीत समावेश १९९० सालचा. त्यामुळे कोणाच्या दाखल्यावर ‘महार’, कोणाच्या ‘बौद्ध’, तर कोणाच्या ‘नवबौद्ध’ असे असते. घाबरू नका. आजोबा-पणजोबांचा १९५० पूर्वीचा एक कागद हाती आला आणि वंशावळ जुळली की पडताळणी समितीपुढे आपली बाजू भक्कम होते. आजोबा शाळेत गेले असतील तर त्या शाळेत सर्वसाधारण नोंदवहीचा प्रवेश-निर्गम उतारा मागा. शाळा तेव्हा लोकल बोर्डाची असेल, आज ती जिल्हा परिषदेची आहे.

आजोबा शाळेत गेलेच नसतील तर? तर कोतवाल बुक. म्हणजे गाव नमुना चौदा, जन्म-मृत्यूची जुनी वही. तहसीलच्या अभिलेख कक्षात ती गाववार असते. यात अनेकदा बाळाचे नावच नसते. बापाचे नाव, जात, तारीख आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच असते. म्हणून आजोबांच्या नावाने शोधू नका, पणजोबांच्या नावाने शोधा. आडनावही नसते. ‘राणू बिन भिका महार’ अशी नोंद असते. जन्माची नोंद सापडली नाही तर घरातल्या कोणाच्या तरी मृत्यूची नोंद पाहा, ती तेवढीच कामाची. काही वह्या मोडीत आहेत. त्यांच्या पानाची नक्कल घ्या आणि मोडी जाणकाराकडून बाळबोधीत उतरवून घ्या. २०२३ साली शासनाने कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, तेव्हा राज्यभर या जुन्या वह्या बाहेर काढून तपासल्या गेल्या. त्याच वह्यांत आपल्याही वाडवडिलांची नावे आहेत. दुसऱ्यासाठी वही उघडते तशी आपल्यासाठीही उघडली पाहिजे.

तिसरी गोष्ट घराची. ग्रामपंचायतीचा नमुना आठ, म्हणजे घराच्या कर आकारणीची वही, दरवर्षी बघून घ्या. माता-भगिनींनो, त्यावर पतीबरोबर पत्नीचेही नाव लावावे असा शासनाचा २००३ सालचा निर्णय आहे. आपले नाव लागले आहे का, हे स्वतः वाचा. नेवासा शहरात आता नगरपंचायत आहे, तेव्हा तिथल्या घरांची चौकशी नगरपंचायतीत करावी.

चौथी गोष्ट गायरानाची. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, हजारो माणसे तुरुंगात गेली. पुढे २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची शेतीसाठीची ठरावीक अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. पण त्यासाठी पुरावा लागतो. तो गाव नमुना एक-ई मध्ये, म्हणजे अतिक्रमणाच्या वहीत असतो. दंडाच्या जुन्या पावत्या आणि पीकपाहणीची नोंदही चालते. २०२२ साली गायरान खाली करण्याच्या नोटिसा गावोगाव आल्या, तेव्हा अशा जुन्या पावतीचे मोल कळले. तेव्हा आजीच्या पेटीतली जुनी पावती रद्दी समजून जाळू नका.

नदीपलीकडचे आणि पाण्याखालचे

प्रवरासंगमला गोदावरी ओलांडली की जुना निजामाचा मुलूख लागतो. आपली मूळ माणसे गंगापूर किंवा पैठणकडची असतील तर नेवाशात कितीही शोधले तरी कागद मिळणार नाही. त्या तालुक्यांच्या तहसिलीत १९५४-५५ चे खासरा पत्रक मागा. त्यापूर्वीचे बरेच कागद उर्दूत आहेत.

जायकवाडीच्या पाण्यात नेवासा-शेवगावकडची गावे गेली, त्यांचा प्रश्न निराळा. गाव बुडाले तरी दप्तर बुडाले नाही. भूसंपादनाचा निवाडा आणि पुनर्वसनाची यादी जिल्ह्याच्या ठिकाणी भूसंपादन व पुनर्वसन शाखेत मागावी. प्रकल्पग्रस्ताचा दाखला त्यावरच मिळतो.

मागायचे कसे

आधी साधा नक्कल अर्ज करा. जमीन महसूल संहितेच्या कलम ३२७ प्रमाणे जमिनीचे अभिलेख पाहता येतात आणि फी भरून नक्कल मिळते. शिवाय शासनाच्या २६ नोव्हेंबर २०१८ च्या निर्णयाप्रमाणे जिल्हा व त्याखालील कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहता येतात. सोमवारी मजुरी बुडणार असेल तर वस्तीतल्या चार घरांनी मिळून एकाला पाठवावे.

एवढ्याने काम झाले नाही तर माहितीचा अधिकार. या कायद्यासाठी आपल्याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे यांनी आंदोलन केले. आधी राज्याचा कायदा झाला आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून देशाचा कायदा पूर्णपणे लागू झाला. अर्ज ‘जोडपत्र अ’ मध्ये करायचा, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. दारिद्र्यरेषेखालील कार्डाची प्रत जोडली तर फी नाही. अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा असावा. तो असा लिहा:

*प्रति, जन माहिती अधिकारी, तहसील कार्यालय, नेवासा.*
*विषय: मौजे (गावाचे नाव) येथील महार वतन, वर्ग सहा-ब जमिनीच्या नोंदी.*
*कालावधी: १९५० ते १९७०.*
*हवी असलेली माहिती: (१) गाव नमुना तीनमधील सदर जमिनीच्या नोंदीची प्रत. (२) १९५८ च्या कायद्यान्वये जमीन पुन्हा प्रदान केल्याच्या आदेशांच्या प्रती. (३) त्या आधारे झालेल्या फेरफारांच्या प्रती.*
*माहिती समक्ष हवी आहे.*

‘आमची जमीन का गेली?’ असे अर्जात लिहू नका. या कायद्याने कागद मिळतो, खुलासा मिळत नाही. कागद हाती आला की ‘का’चे उत्तर त्यातच सापडते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

३० दिवसांत उत्तर यायला हवे. प्रतीला पानामागे २ रुपये पडतात, पण मुदत टळली तर माहिती फुकट द्यावी लागते. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणे हे त्यांचे काम आहे. उत्तर आले नाही किंवा अपुरे आले तर ३० दिवसांच्या आत पहिले अपील करा. त्याला २० रुपयांचा स्टॅम्प लागतो. त्यानेही भागले नाही तर ९० दिवसांत दुसरे अपील, राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे.

‘रेकॉर्ड सापडत नाही’

हे उत्तर सर्वांत जास्त ऐकायला मिळते. तोंडी ऐकून परत फिरू नका. लेखी मागा. सरकारी कागदांचे वर्ग असतात. अ वर्गाचा कागद कायम ठेवायचा असतो, ब वर्गाचा ३० वर्षे. कागद नष्ट केला असेल तर नष्ट केलेल्या कागदांच्या यादीची प्रत मागा. यादीतही नाही आणि कक्षातही नाही, तर तो गहाळ झाला. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ प्रमाणे सरकारी अभिलेख गहाळ करणे हा गुन्हा आहे. एवढे कलमासह लिहिलेला अर्ज टेबलावर गेला की हरवलेली बरीच गाठोडी सापडतात, हा अनेकांचा अनुभव आहे.

एक खुलासा. २०२४ पासून जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. जुन्या कागदावर अहमदनगर असले म्हणून तो बाद होत नाही. अर्जात दोन्ही नावे लिहा. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, वह्यांचे नमुने मात्र तेच आहेत.

या सगळ्याला वकील लागत नाही, पुढारी लागत नाही. लागतो तो लिहिता-वाचता येणारा एक माणूस. आज तो आपल्या घराघरात आहे. दहावीतली मुलगीसुद्धा हा अर्ज लिहू शकते. येत्या रविवारी विहारात एक दोनशे पानी वही न्या. म्हाताऱ्या माणसांना भोवती बसवा. पणजोबांचे नाव, त्यांच्या बापाचे नाव, गाव, शेताचे नाव, सर्व्हे नंबर, कोणत्या साली काय घडले, सारे लिहून घ्या. आजीच्या आठवणीतले नाव आणि वहीतली नोंद यांची गाठ पडली तरच पुरावा होतो. वही तालुक्यात शंभर वर्षे टिकेल, पण आजी आपल्याजवळ तेवढी वर्षे नसेल. म्हणून आधी तिला विचारा, मग तहसिलीत जा.

जयभीम!