भक्त, भात आणि एक इंग्रजी शब्द

जुन्या इंग्रजी ग्रंथांत अन्नसामग्री या अर्थाचा एक शब्द वारंवार भेटतो. हल्लींच्या बोलण्यांतून तो बहुतेक उठून गेला आहे. त्याचीं अक्षरें पाहिलीं तर तो ‘व्हिक्टुअल्स’ असा वाचावासा वाटतो. खरा उच्चार मात्र ‘व्हिट्ल्स’. आमच्या वर्गांतील एका होतकरू मुलानें तोंडी परीक्षेंत तो अक्षरें पाहून वाचला. परीक्षक खो खो हसले, आणि तो मुलगा पुढें वर्षभर मोठ्यानें वाचावयास उठेना. आमच्या मतें मुलगा निर्दोष होता. त्याला फसविलें तें अक्षरांनीं.

लॅटिन भाषेंत ‘व्हिव्हेरे’ म्हणजे जगणें. त्यापासून ‘व्हिक्टुस’, म्हणजे जगण्याचें साधन, अन्न. हा धातु आणि आपला जीव् धातु हे एकाच मूळचे होत, असें भाषाशास्त्रज्ञ मानतात. ‘उपजीविका’ म्हणणाऱ्या वाचकांस हा अर्थ निराळा सांगावयास नको. लॅटिनांतून शब्द फ्रेंचांत उतरला तेव्हां मधला ‘क्’ झिजला. इंग्रजांनीं तो तसाच, ‘क्’ वांचून, उचलला. पुढें सोळाव्या शतकांत लॅटिनाभिमानी पंडितांनीं तो ‘क्’ लेखनांत परत आणून बसविला. लोकांची जीभ मात्र जागची हलली नाहीं.

आपल्याकडे याच जोडाक्षराची हीच गत झाली. संस्कृतांत ‘भक्त’ म्हणजे शिजविलेला तांदूळ. प्राकृतांत त्याचें ‘भत्त’ झालें आणि मराठींत ‘भात’. उद्यां एखाद्या शास्त्र्यानें ‘भक्त’ असें लिहून ‘भात’ असें वाचण्याचा दंडक घातला तर पानावर बसलेलीं मुलें काय म्हणतील? इंग्रजांच्या मुलांनीं मात्र हें निमूटपणें सोसलें आहे.

या शब्दानें एखादा पदार्थ सुचत नाहीं. साठविलेला शिधा सुचतो. फौजेच्या संबंधांत आपण ‘रसद’ म्हणतों तसाच. इंग्रजी आरमाराचें शिधाखातें १६८३ पासून १८३२ पर्यंत याच नांवानें चालत असे, आणि खलाशाला रोज एक पौंड बिस्किट व एक गॅलन बीर मिळे. बीरही शिध्यांतच! म्हणूनच कीं काय, विलायतेंत ‘परवानाधारक व्हिट्लर’ म्हणजे अन्नदाता नव्हे, तर दारूच्या गुत्त्याचा चालक.

डिकन्सच्या १८६१ सालीं पूर्ण झालेल्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ कादंबरींत एक पळालेला कैदी लहानग्या पिपला दटावून खावयास आणावयास सांगतो. त्याच्या तोंडीं डिकन्सनें हा शब्द ‘विट्ल्स’ असा घातला आहे, ‘क्’ वगळून. अडाणी म्हणून दाखविलेला हा उच्चार पंडितांच्या लेखनापेक्षां मूळ इंग्रजी रूपाला अधिक जवळचा आहे. भाषांतरकारानें मात्र तेथें ‘अन्नसामग्री’ लिहूं नये. तो उपाशी कैदी उगाच शास्त्रीबोवा व्हावयाचा.