आतड्यांची सूज आणि मोडलेली झोप



आपल्या रामाकोना-सौंसर भागात शौचातून रक्त पडले की मूळव्याध आणि जुलाब लागले की पाणी बाधले, असे म्हणून आपण मोकळे होतो. पण जुलाब, रक्त, आव आणि घटणारे वजन असा त्रास अनेक आठवडे चालला, तर तो आतड्यांच्या दीर्घकालीन सुजेचा आजार असू शकतो. त्याचे मुख्य प्रकार दोन: अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स. जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांना २०२० साली पहिल्या आजारामुळेच पद सोडावे लागले. आपल्या देशात आतड्यांचा क्षयरोगही क्रोन्ससारखाच दिसतो. म्हणून तपासणीशिवाय निदान होत नाही.

या आजारात झोपेची तक्रार फार आढळते, पण डॉक्टरांना ती क्वचितच सांगितली जाते. झोप मोडण्याची कारणे अनेक असतात. पोटात कळ येते, रात्री दोन-तीनदा संडासला उठावे लागते. शरीरातील सुजेचा परिणाम मेंदूच्या झोपेवरही होतो. रक्त कमी झाले, लोह घटले की काहींचे पाय रात्री अस्वस्थ होतात. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी झोप उडते. शिवाय पुन्हा त्रास होईल ही धास्ती असतेच.

लक्षात ठेवण्याची गोष्ट ही, की साध्या संवेदनशील आतड्याच्या त्रासात माणूस शौचासाठी सहसा झोपेतून उठत नाही. रात्री जुलाबासाठी जाग येत असेल, तर आतड्यात सूज असण्याची शंका घ्यावी. उपचार चालू असताना बरी असलेली झोप पुन्हा मोडू लागली, तरीही डॉक्टरांना कळवावे. क्रोन्सच्या रुग्णांत खराब झोप आणि आजार पुन्हा उसळणे यांचा संबंध अभ्यासात दिसला आहे.

मग करायचे काय? रात्री किती वेळा उठलो, कशासाठी उठलो, हे पंधरा दिवस वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. स्टिरॉइडची गोळी सकाळी जेवणानंतर घेता येईल का, हे त्यांनाच विचारा. ती मनाने एकदम बंद करू नका. मेडिकलमधून झोपेच्या किंवा दुखण्याच्या गोळ्या परस्पर आणू नका. दुखण्याच्या काही गोळ्यांनी हा आजार वाढतो. रात्रीचे जेवण लवकर व हलके घ्यावे, संध्याकाळनंतर चहा टाळावा, रोज ठरल्या वेळी उठावे.

घरच्यांचाही यात वाटा आहे. अनेक घरांत संडास अंगणात असतो. तिथवर दिवा लावा, रुग्णाची खाट दाराजवळ टाका. रात्रीच्या ओलिताची पाळी त्याच्यावर टाकू नका. सकाळी उशिरा उठला म्हणून त्याला आळशी म्हणू नका. सासरी नवीन आलेली सून तर संकोचाने बोलतच नाही. तिला सासूने किंवा जावेने आपणहून विचारावे.

आधी सौंसरला सरकारी दवाखान्यात दाखवावे. गरज पडल्यास नागपूरला पोटविकार तज्ज्ञांकडे जावे. दुर्बिणीची तपासणी ऐकून घाबरू नये. आजार लवकर ओळखला, तर औषधांनी बहुतेकांना आराम पडतो आणि झोपही सुधारते. आपल्या घरात असा त्रास कोणी मुकाट्याने सोसत असेल, तर आजच विचारपूस करावी, ही विनंती.