भक्तिगीत कोणाचे?
स्वामित्वहक्काचा कायदा आणि आपले गायकवृंद

कारंजा (घाडगे) असो वा वर्धा जिल्ह्यातील अन्य गाव, आपले तरुण मोबाइलवरून एकमेकांना भक्तिगीते पाठवितात, चित्रपटगीताच्या चालीवर स्तुतिगीत बसवितात आणि ते ध्वनिमुद्रित करून इंटरनेटवर ठेवितात. हेतू भक्तीचाच असतो. तथापि सातवी आज्ञा येथेही लागू आहे, म्हणून कायदा समजून घेणे इष्ट ठरेल.

एका गीतात तीन स्वतंत्र हक्क असतात : शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. 1957 च्या भारतीय स्वामित्वहक्क कायद्यानुसार गीतकार व संगीतकार यांचा हक्क त्यांच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीपासून 60 वर्षे. रेव्हरंड नारायण वामन टिळक 1919 मध्ये निवर्तले. त्यांचे शब्द आज सर्वांचे आहेत. मात्र त्या शब्दांना अलीकडे कोणी दिलेली चाल किंवा काढलेली सीडी सर्वांची नव्हे.

उपासनेला कायद्याने मोकळीक दिली आहे. कलम 52 नुसार खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गीत गाणे वा वाजविणे हा हक्कभंग नाही. विवाहाची वरात व तत्संबंधी समारंभही यात येतात. परंतु ही सवलत विधीपुरती आहे. गीतपुस्तिका छापणे, सीडीच्या प्रती वाटणे किंवा ते ध्वनिमुद्रण इंटरनेटवर ठेवणे यासाठी परवानगी हवी. पैसे घेतले नाहीत, एवढ्याने ती गरज संपत नाही.

रिमिक्सबाबत 2012 ची दुरुस्ती महत्त्वाची आहे. मूळ ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षांनी, आगाऊ सूचना व मानधन देऊन, दुसऱ्याला तेच गीत नव्याने मुद्रित करता येते. पण शब्द किंवा चाल मनाप्रमाणे बदलता येत नाही. तेव्हा हक्क शाबूत असलेल्या चित्रपटगीताच्या चालीवर नवे शब्द बसवून ते प्रसिद्ध करावयाचे, तर मालकाची संमती आवश्यक ठरते.

यामुळे सर्जनशीलता खुंटते काय? छंद, राग, ताल यांवर कोणाचीही मालकी नाही. फादर स्टीफन्स यांनी 1616 मध्ये प्रसिद्ध झालेले ख्रिस्तपुराण मराठी ओवीत रचले. टिळकांनी अभंग स्वीकारला. संत जॉन हेन्री न्यूमन यांचे 1833 मधील इंग्रजी प्रार्थनागीत गांधीजींना अतिशय प्रिय होते. नरसिंहराव दिवेटिया यांनी ते गुजरातीत आणले आणि आश्रमाच्या प्रार्थनेत ते रुजले. आपल्याच जिल्ह्यातील सेवाग्रामी राहिलेल्या गांधीजींच्या लेखनाचा हक्क नवजीवन ट्रस्टकडे होता. 60 वर्षांची मुदत संपताच, 1 जानेवारी 2009 पासून, ते लेखन सर्वांसाठी खुले झाले.

श्रम करणाऱ्याला त्याचा मोबदला मिळावा, ही प्रभूचीच शिकवण आहे. आपल्या गावोगावच्या गीतकारांनाही ती लागू पडते. त्यांची गीते नावाविना छापली जातात, ही खेदाची बाब होय. म्हणून प्रत्येक गायकवृंदाने गीतासोबत कवी व संगीतकार यांची नावे लिहावीत, मुद्रणापूर्वी लेखी परवानगी घ्यावी आणि शक्य तेथे स्वतःच्या चाली रचाव्यात. वऱ्हाडी भजनाचा ठेका आपल्या दाराशी आहे. तो वापरण्यास कोणाची परवानगी लागत नाही.