बदलत्या शोधप्रणाली आणि ग्रंथपालाचे कौशल्य : मेडलाइन ते पबमेड

वैद्यकीय वाङ्मयाच्या संगणकीय शोधाचा इतिहास अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाशी निगडित आहे. १९६४ मधील मेडलार्स प्रणालीत प्रश्न लिहून पाठवावा लागे व संदर्भयादी काही आठवड्यांनी हाती येई. १९७१ मध्ये मेडलाइन दूरध्वनीच्या तारेवरून उपलब्ध झाली. तरीही शोध घेणारा प्रशिक्षित ग्रंथपालच होता. 'मेश' या नियंत्रित शब्दसंग्रहातील नेमकी संज्ञा निवडणे, आज्ञांची भाषा अचूक वापरणे आणि जोडणीच्या प्रत्येक मिनिटाचा खर्च सांभाळणे हे त्याचे कसब होते.

१९८६ मध्ये आलेल्या ग्रेटफुल मेडने वैद्यकांना स्वतः शोध घेण्याची वाट दाखविली आणि १९९७ मध्ये पबमेड सर्वांना विनामूल्य खुले झाले. ग्रेटफुल मेडचे महाजालावरील रूप २००१ मध्ये बंद करण्यात आले. आता 'हार्ट अटॅक' असे टंकित केले तरी प्रणालीच त्यास 'मायोकार्डियल इन्फार्क्शन' ही प्रमाण संज्ञा जोडून घेते. शब्दांना अवतरणचिन्हे लावताच मात्र हे रूपांतर थांबते, हे नवख्या शोधकाच्या लक्षात येतेच असे नाही. ग्रंथपालाचे काम त्यामुळे संपले नाही. आज्ञा देण्याऐवजी यंत्राने प्रश्नाचा काय अर्थ लावला, हे तपासणे त्याच्याकडे आले.

या तपासणीचे मोल २००१ मध्येच दिसून आले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील दम्याविषयक प्रयोगात हेक्झामेथोनियम हुंगविल्यानंतर एका निरोगी तरुण स्वयंसेविकेचा मृत्यू झाला. पूर्वतयारीच्या शोधात पबमेडचा आधार घेण्यात आला होता; परंतु त्यातील नोंदी तेव्हा १९६६ पासूनच्याच होत्या. या औषधाच्या फुप्फुसांवरील दुष्परिणामांविषयीचे लेख १९५० च्या दशकातील होते. सुलभ पडद्यामागे संग्रहाची सीमा दडलेली असते, याचे याहून दुःखद उदाहरण क्वचितच सापडेल.

२०२० मध्ये जुने पबमेड जाऊन नवे आले, तेव्हा प्रश्न अधिक सूक्ष्म झाला. पूर्वी शब्दाच्या मुळापुढे तारांकन दिल्यास पहिली ६०० रूपेच शोधली जात. नव्या प्रणालीत ही मर्यादा राहिली नाही. समानार्थी व एकवचनी-अनेकवचनी रूपांचे जुळवणेही विस्तारले. परिणामी, तेच शोधसूत्र वेगळी संख्या देऊ लागले. पद्धतशीर आढाव्यासाठी सूत्रे जपून ठेवणाऱ्या ग्रंथपालांच्या दृष्टीने ही किरकोळ बाब नव्हे. निकालही आता प्रथमतः 'सर्वोत्तम जुळणी' या क्रमाने येतात. केवळ पहिले पान पाहणाऱ्या संशोधकाची निवड त्यामुळे नकळत यंत्राकडे जाते.

अशा वेळी उपयोगी पडणारी रीत साधी, पण कष्टाची आहे. विषयातील आधीच ठाऊक असलेले काही लेख निवडून ते नव्या प्रणालीत जुन्या सूत्राने हाती लागतात का, हे पाहावे. प्रगत शोधाच्या पानावर दिसणारे सूत्राचे विस्तारित रूप दिनांकासह नोंदवावे. जो लेख निसटला, तो कोणत्या संज्ञेमुळे निसटला हे शोधून सूत्र दुरुस्त करावे. २०२२ च्या अखेरीस पबमेडमध्ये दोन शब्दांतील अंतर ठरवून शोधण्याची सोय आली आणि जतन केलेली सूत्रे पुन्हा एकदा तपासण्यास निमित्त मिळाले.